सीए १५-३ वाढलंय म्हणजे नक्की काय? (स्तनाचा कर्करोग आणि रक्तातले मार्कर)

सोनचाफा | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. विस्कळीत लिहिलं जाईल, सांभाळून घ्या.

सासूबाई, वय ६४, मिरजेला असतात. २०२१ च्या दिवाळीनंतर उजव्या बाजूला गाठ लागली. ऑपरेशन झालं, काखेतल्या १४ गाठींपैकी एकीत रोग निघाला. ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनवर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह. चार केमो, मग रेडिएशन, आणि तेव्हापासून इस्ट्रोजेन कमी करणारी लेट्रोझोलची गोळी रोज रात्री जेवणानंतर. अजून एकदाही चुकवलेली नाही. मॅमोग्राफी दरवर्षी नीट येते.

आता झालं असं, की धाकट्या दिरांनी प्रेमापोटी एका लॅबचं ऑफरमधलं पॅकेज बुक केलं, 'फुल बॉडी विथ कॅन्सर मार्कर'. रविवारी सकाळी मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि आज दुपारी रिपोर्ट थेट घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. सीए १५-३ : ३८.४. मर्यादा ३१.३ पर्यंत. शेजारी लाल अक्षरात एच. गेल्या वर्षी दुसऱ्या लॅबमध्ये ते २४ होतं.

आमच्यापैकी कोणी बघायच्या आत सासूबाईंनीच तो उघडला. फोन केला तर म्हणाल्या, "परत आलं वाटतं गं," आणि पुढच्याच वाक्याला, "ठेवते, मेथी निवडायचीय." मला ते जास्त लागलं.

डॉक्टरांची वेळ पुढच्या गुरुवारची मिळालीय. तोवर कोणी सांगेल का, हे म्हणजे रोग उलटला असंच असतं का? लगेच पेट स्कॅन करून घ्यावा का? आणि रक्तातून पुढचं कळतं म्हणून हल्ली ज्या चाचण्यांच्या जाहिराती येतात, सीटीसी, सीटीडीएनए वगैरे, त्यात किती तथ्य आहे?

---

पेठेतला | सोमवार, रात्री ११.५८

गुरुवारपर्यंत थांबायचं कशाला? पेट उद्याच करून टाका. आमच्या सोसायटीतल्या काकूंच्या बाबतीत सगळे "बघू, बघू" करत राहिले. नंतर हळहळण्यापेक्षा पंधरा-वीस हजार गेलेले परवडले.

---

डॉ_काचपट्टी | मंगळवार, सकाळी ६.२०

सोनचाफाताई, आधी एक घोट चहा घ्या. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं लॅबमध्ये काढलीत. तुमच्या सासूबाईंना तपासलेलं नाही, त्यामुळे निदान सांगत नाही. पण या आकड्याच्या अंगातल्या खोडी सांगू शकतो.

सीए १५-३ म्हणजे म्यूसी-१ नावाच्या प्रथिनाचा तुकडा. दुधाच्या नळ्यांच्या पेशींवर हे प्रथिन असतंच, निरोगी बाईच्याही. कर्करोगाच्या पेशी ते जास्त बनवतात आणि रक्तात सांडतात. पण ते सांडायला त्यांना कर्करोगच लागतो असं नाही. यकृताचे आजार, स्तनातल्या साध्या गाठी, गरोदरपण, यांतही आकडा चढतो. आणि एक कारण भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही: बी-१२ कमी होऊन झालेला रक्तक्षय.

दुसरं, तुमचे दोन आकडे दोन लॅबचे. मशीन वेगळं, किट वेगळं, किटमधली अँटिबॉडी वेगळी. एकाची मर्यादा २५ च्या आसपास असते, दुसऱ्याची ३१. पुण्यातल्या ताकडीवरचे २४ आणि मिरजेतल्या ताकडीवरचे ३८ एकमेकांतून वजा करता येत नाहीत. त्याच लॅबमध्ये वाढ २५ टक्क्यांहून जास्त असेल आणि काही आठवड्यांनी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यातही ती टिकली, तर आम्ही मान वर करून बघतो.

तेव्हा विचारतो: शुगर आहे का? असेल तर मेटफॉर्मिन किती वर्षं? शाकाहारी आहेत का? सोनोग्राफीत कधी फॅटी लिव्हर निघालंय का? आणि केस परत यावेत म्हणून बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का?

शेवटचा प्रश्न बऱ्याच जणांना गंमतीचा वाटतो. केमोनंतर केसांसाठी बायोटिन घेणाऱ्या बायका पुष्कळ. मोठ्या डोसचं बायोटिन ठरावीक पद्धतीच्या चाचण्यांत लुडबुड करतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. अशा मार्करच्या बाबतीत ते आकडा खोटाच कमी दाखवू शकतं. म्हणजे इथे उलटी फसगत.

---

सोनचाफा | मंगळवार, सकाळी ७.०५

डॉक, मनापासून आभार. शुगर आहे, मेटफॉर्मिन बारा वर्षांपासून. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. फॅटी लिव्हर ग्रेड वन असं दोन वर्षांपूर्वी लिहून आलेलं. बायोटिन नाही. हल्ली जिना चढताना दम लागतो म्हणतात, आम्ही ते वयावर घातलं होतं. गुडघे-मनगटं तर लेट्रोझोल सुरू झाल्यापासूनच दुखतात.

---

डॉ_काचपट्टी | मंगळवार, सकाळी ७.१२

बारा वर्षं मेटफॉर्मिन, शुद्ध शाकाहार आणि दम, म्हणजे बी-१२ कमी असण्याची शंका. त्याच पॅकेजमध्ये सीबीसी असेलच. हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) बघून सांगा. आणि हो, तेवढा रिपोर्ट ग्रुपवरून काढून टाका. तो रोज उघडून बघितला जातो.

---

सोनचाफा | मंगळवार, सकाळी ७.३१

हिमोग्लोबिन ९.८. एमसीव्ही ११२. दोन्हीपुढे खुणा आहेत, पण साध्या काळ्या. लाल फक्त मार्करला.

---

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, सकाळी ९.४४

हे लय भारी आहे बाप्पा. माणूस रक्त कमी होऊन धापा टाकून राहिला, ते काळ्या अक्षरात. अन् ज्याचा अर्थ कोणालेच धड माहीत नाही ते लाल अक्षरात.

आमच्या आईची गोष्ट उलटी. तिचा मार्कर दर तीन महिन्यांनी करायचो. पाच वर्षं १८, १९, १७. आम्ही खुश. कंबर दुखते म्हणे तर आम्ही म्हणायचो, आई, तुझा रिपोर्ट तर क्लीन आहे, बाम लाव. शेवटी एमआरआय झाला तर मणक्यात निघालं. मार्कर त्या आठवड्यातही १९. आईच्या तब्येतीपेक्षा कागदावर विश्वास ठेवला, ते अजूनही सलते.

---

निळावंती | मंगळवार, दुपारी १.१५

मी स्वतः रुग्ण आहे. चौथी स्टेज, हाडं आणि यकृत, चार वर्षं झाली. इथे मार्करला सगळेच झोडपतायत म्हणून माझी बाजू लिहिते.

माझ्यासाठी सीए १५-३ उपयोगी आहे. रोग आहे हे ठाऊक आहे, औषध चालू आहे, प्रश्न एवढाच की औषध लागू पडतंय का. दर वेळी सीटी करणं शरीराला आणि खिशाला झेपत नाही. मग दोन स्कॅनच्या मधल्या काळात हा आकडा दिशा दाखवतो. एकटा नाही, तपासणी, दुखणं, भूक, स्कॅन यांच्या जोडीने.

पण सुरुवातीला मीही पोळले. पहिलं औषध सुरू केलं तेव्हा मार्कर ४१० होता. महिन्याने ५८०! मी घरात कोणाशी बोलले नाही दोन दिवस. डॉक्टरबाई हसल्या आणि म्हणाल्या, पहिल्या चार-सहा आठवड्यांत औषधाने पेशी फुटायला लागल्या की आतला माल रक्तात येतो, तेव्हाच्या वाढीवर विश्वास ठेवायचा नाही. तिसऱ्या महिन्यात २६०, सहाव्यात ९०. त्या दोन दिवसांत मी मंगळसूत्र कोणत्या सुनेला द्यायचं इथवर येऊन पोचले होते. मुलगा तेव्हा बारावीत होता :)

---

लीड्सकर | मंगळवार, सायंकाळी ६.५०

इकडे माझ्या बायकोचं २०१९ मध्ये ऑपरेशन झालं. एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, त्यानंतर मार्कर एकदाही केला नाही. पाच वर्षं दरवर्षी मॅमोग्राम, गोळी, आणि स्तनविभागातल्या नर्सचा थेट नंबर. काही नवीन लक्षण आलं आणि टिकून राहिलं तर फोन करा. बस. पहिल्या वर्षी मला हे निष्काळजीपणाचं वाटलं. भारतात सुट्टीला आलो तेव्हा गुपचूप तिचं रक्त तपासून घेतलं, हेही कबूल करतो. नॉर्मल आलं. तीन दिवस बरं वाटलं आणि चौथ्या दिवशी मनात आलं, आता पुढचा कधी?

---

पेठेतला | मंगळवार, रात्री ८.२२

लीड्सकर, तुमच्या सरकारला पैसे वाचवायचे असतात, ते सांगणारच करू नका म्हणून. मला एक साधं कळतं: रोग लवकर कळला तर बरा. कोणी हे खोडून दाखवावं.

---

सरासरीवाला | मंगळवार, रात्री १०.०५

पेठेकर, प्रयत्न करतो. क्लिनिकल ट्रायलच्या आकडेवारीवर माझं पोट आहे.

पहिल्यांदा कळणं आणि उपचारानंतर उलटलेलं कळणं यांत फरक करा. पहिल्यांदा लवकर कळलं तर गाठ लहान असते, काढता येते, बरं होता येतं. हाडात किंवा यकृतात उलटलं तर आजच्या उपचारांनी ते बहुतेकदा आटोक्यात ठेवता येतं, मुळासकट काढता येत नाही. मग प्रश्न असा, की लक्षण यायच्या सहा-आठ महिने आधी कळून आयुष्य वाढतं का?

हे नुसतं डोक्याने ठरवायचं नव्हतं म्हणून इटलीत करून पाहिलं. १९९४ मध्ये जामा या नियतकालिकात दोन अभ्यास एकाच वेळी आले. एकात २० रुग्णालयांतल्या १३२० बायका. निम्म्यांना ठरावीक काळाने हाडांचा स्कॅन, यकृताची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, रक्त. उरलेल्यांना नेहमीची तपासणी, आणि लक्षण दिसलं तरच पुढचं. सुमारे सहा वर्षांनी पहिल्या गटात २० टक्के दगावल्या होत्या, दुसऱ्यात १८. दुसऱ्या अभ्यासातही पाच वर्षांच्या मृत्यूंत फरक पडला नाही.

समजा कोयना एक्स्प्रेस मिरजेला दोन तास उशिरा पोचणार आहे. ते तुम्हाला साताऱ्यात कळलं काय किंवा सांगलीत कळलं काय, गाडी मिरजेला त्याच वेळेला लागणार. साताऱ्यात कळलं तर तुम्ही तिथपासून घड्याळ बघत बसाल एवढंच. मग कोणी हिशोब मांडला की "साताऱ्यात कळलेल्यांना कळल्यानंतर जास्त वेळ मिळाला", तर तो खराही असेल आणि निरर्थकही. लवकर पकडल्याचे बरेच दावे या हिशोबावर उभे असतात.

म्हणूनच अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने, एस्कोने, २००७ मध्ये स्वच्छ लिहिलं: उपचार संपलेल्या, लक्षण नसलेल्या बाईत सीए १५-३ किंवा सीईए (असाच दुसरा मार्कर) नेमाने करू नका. आणि त्याच कागदात पुढे: पसरलेल्या रोगात उपचारांवर नजर ठेवायला इतर तपासण्यांबरोबर वापरा. निळावंतीताई आणि सोनचाफांच्या सासूबाई या दोन वेगळ्या ओळींत बसतात. आकडा एकच असला तरी.

---

पेठेतला | मंगळवार, रात्री १०.४०

गाडीचं उदाहरण मान्य. पण १९९४! तेव्हा औषधं कुठे होती आजच्यासारखी? आणि त्या रक्ततपासणीत मार्कर होता का?

---

सरासरीवाला | मंगळवार, रात्री ११.१५

बरोबर बोट ठेवलंत, हा आक्षेप खरा आहे. त्या इटालियन रक्ततपासणीचा भर यकृताच्या एन्झाइमवर होता. आणि हर्सेप्टिनसुद्धा १९९८ मध्ये बाजारात आलं, पाल्बोसिक्लिब २०१५ मध्ये. त्यामुळे जर्मनीत हा प्रश्न परत उघडलाय. २०२२ च्या शेवटी 'सर्व्हाइव्ह' नावाची ट्रायल सुरू झाली, ३५०० बायकांचं उद्दिष्ट. एका गटाला नेहमीचा फॉलो-अप. दुसऱ्याला त्यावर आणखी रक्त: सीए १५-३, सीईए, सीए १२५, शिवाय सीटीसी (गाठीच्या पेशी) आणि सीटीडीएनए (गाठीच्या डीएनएचे तुकडे). मार्कर वाढला की स्कॅन. उत्तर यायला वर्षं लागतील. तिचा निकाल "फायदा होतो" असा आला तर मी इथेच येऊन माझा वरचा प्रतिसाद खोडेन.

आता भाकिताबद्दल, कारण धाग्यात दोन गोष्टी सतत मिसळतायत. एक मार्कर सांगतो, पुढे वाईट होण्याची शक्यता किती. दुसरा सांगतो, अमुक औषध तुम्हाला लागू पडेल की नाही. पहिल्या जातीचे रक्तात ढिगाने सापडतात. दुसऱ्या जातीचे मोजके, आणि उपयोग खरा त्यांचा.

पहिल्या जातीचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सीटीसी, म्हणजे रक्तात तरंगणाऱ्या गाठीच्या अख्ख्या पेशी. २००४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये १७७ बायकांचा अभ्यास आला, सगळ्या पसरलेल्या रोगाच्या. साडेसात मिली रक्तात पाच किंवा जास्त पेशी सापडल्या तर पुढचा काळ स्पष्टपणे वाईट. साडेसात मिली म्हणजे जेमतेम दीड चमचा. त्यात अब्जावधी लाल पेशी असतात आणि त्यातून पाच हुडकायच्या! तंत्र म्हणून थक्क व्हायला होतं.

मग साहजिक प्रश्न: पहिल्या केमोनंतरही पेशी पाचच्या खाली गेल्या नाहीत, तर लगेच दुसरी केमो द्यायची का? ती ट्रायलही झाली, स्वॉग एस-०५००, निकाल २०१४. ज्यांच्या पेशी कमी झाल्या नाहीत अशा १२३ बायकांत निम्म्यांची केमो बदलली, निम्म्यांची तीच ठेवली. आयुष्यात फरक शून्य. भाकीत अचूक होतं, पण हातात दुसरं चांगलं औषध नव्हतं. पाऊस येणार हे कळलं, घरात छत्रीच नाही.

---

कोकणी_हापूस | बुधवार, सकाळी ८.०३

हे सगळं महागडं. मी कुठेतरी वाचलं की साध्या सीबीसीतूनच न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट केलं की पुढचं कळतं. चारच्या वर असेल तर धोका. माझ्या बहिणीचं काल काढलं तर १२! ती अजून केमो घेतेय. आईला अजून सांगितलं नाही. रात्रभर झोप नाही.

---

डॉ_काचपट्टी | बुधवार, सकाळी ८.२०

हापूस, एक सांगा. केमोच्या दुसऱ्या दिवशी पोटावर इंजेक्शन दिलं होतं का, पांढऱ्या पेशी वाढवायचं? आणि केमोआधी डेक्सा, म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड?

---

कोकणी_हापूस | बुधवार, सकाळी ८.२६

हो. इंजेक्शन शनिवारी दिलं. डेक्साच्या गोळ्याही होत्या तीन दिवस.

---

डॉ_काचपट्टी | बुधवार, सकाळी ८.४१

मग १२ हा त्या इंजेक्शनचा आकडा आहे, बहिणीच्या नशिबाचा नाही. ते न्यूट्रोफिल वाढवण्यासाठीच देतात. डेक्सा न्यूट्रोफिल वाढवतं आणि लिम्फोसाइट उतरवतं. साधा ताप, दातातला पू, मूळव्याधीची सूज, कशानेही हे गुणोत्तर वर जातं.

वाचलंत ते खोटं नाही. २०१४ मध्ये शंभर अभ्यास एकत्र करून चाळीस हजारांवर रुग्णांचा हिशोब मांडला गेला, सगळ्या तऱ्हेच्या घट्ट गाठींचा. गुणोत्तर जास्त असलेल्या गटात मृत्यूचा धोका सुमारे १.८ पट निघाला. अंगात सूज-दाह जास्त, लढणारे लिम्फोसाइट कमी, असा त्यामागचा तर्क. पण ते हजारो लोकांच्या गर्दीचं वर्णन आहे, आणि आकडा उपचार सुरू व्हायच्या आधीचा. त्यावरून एका बाईचं औषध कोणी बदलत नाही. बदलायचं तरी काय?

झोपा आता थोडं. आणि आईला न सांगितलंत ते उत्तम केलंत.

---

निसर्गमित्र_७७ | बुधवार, सकाळी १०.१०

रोज सकाळी गव्हांकुराचा रस आणि हळद घेतली तर मार्कर आपोआप उतरतो. अनुभवाचे बोल. संपर्क करा.

---

वऱ्हाडी_ठेचा | बुधवार, सकाळी १०.१४

हळद आमच्याकडे वरणात असते भाऊ. संपर्क कशाले करायचा?

---

गुंफण | बुधवार, दुपारी ३.३०

जीनोमिक्समध्ये काम करते, बंगळुरूला. सोनचाफाताईंनी सीटीडीएनएबद्दल विचारलं होतं ते राहून गेलंय.

पेशी मेली की तिच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. आपल्या सगळ्यांच्या. हे १९४८ मध्येच दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं, तेव्हा कोणी ढुंकूनही बघितलं नाही. गाठीच्या पेशी मेल्या की त्यांचेही तुकडे येतात आणि त्यांवर त्या गाठीचीच खूण, म्हणजे म्युटेशन, असते. हे तुकडे तासा-दोन तासांत निम्मे होतात, त्यामुळे आकडा आजचा असतो.

२०१३ मध्ये केंब्रिजच्या गटाने पसरलेल्या रोगाच्या ३० बायकांत तिन्ही मार्कर शेजारी ठेवून पाहिले. सीटीडीएनए ३० पैकी २९ जणींत सापडलं, सीटीसी २६ जणींत, आणि सीए १५-३ ज्या २७ जणींत तपासलं त्यांपैकी २१ जणींत वाढलेलं. पसरलेल्या रोगातही सहा जणींत नॉर्मल. वऱ्हाडी दादा, तुमच्या आईसारख्या.

आता सरासरीवाला म्हणतात ती दुसरी जात इथे खरोखर भेटते. लेट्रोझोलसारख्या गोळीवर पसरलेला रोग बराच काळ दबून राहिला की काही बायकांत ईएसआर-१ या, इस्ट्रोजेनचा रिसेप्टर बनवणाऱ्या, जीनमध्ये म्युटेशन उगवतं. कुलपाची किल्ली काढून घेतली तर कुलूप आपणच उघडं राहायला शिकतं, तसं. इस्ट्रोजेन नसतानाही रिसेप्टर चालू. मग ती गोळी कुचकामी. हे स्कॅनवर दिसायच्या आधी रक्तात दिसतं.

फ्रान्सच्या पाडा-१ ट्रायलमध्ये १०१७ बायकांचं रक्त याच एका खुणेसाठी पुन्हा पुन्हा तपासलं. ज्यांच्यात ती वाढली पण स्कॅनवर रोग हललेला नव्हता, त्यांतल्या निम्म्यांची गोळी थांबवून फुल्वेस्ट्रंट दिलं, जोडीचं पाल्बोसिक्लिब तेच ठेवलं. रोग पुढे सरकायला त्यांना ११.९ महिने लागले, जुन्याच गोळीवर ठेवलेल्यांना ५.७. २०२५ मध्ये सेरेना-६ चा निकाल आला, नवं औषध कॅमिझेस्ट्रंट घेऊन, १६ महिने विरुद्ध ९.२. एकूण आयुष्य वाढतं का, हे अजून ठरायचंय. आणि एलासेस्ट्रंट तर अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं तेच मुळी रक्तात ही खूण सापडली तर द्या, या अटीवर.

पण हे सगळं निळावंतीताईंच्या ओळीतलं. सासूबाईंच्या ओळीत, म्हणजे उपचार संपलेत आणि काही दिसत नाही, तिथे चित्र इतकं गोड नाही. ब्रिटनमध्ये सी-ट्रॅक नावाची ट्रायल झाली, ट्रिपल निगेटिव्हच्या, म्हणजे ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह असलेल्या बायकांत. विचार असा, की रक्तात तुकडे दिसले रे दिसले की लगेच इम्युनोथेरपी. तुकडे सापडलेल्या ३२ जणींचा स्कॅन केला तर २३ जणींत रोग आधीच पसरलेला. गाडी साताऱ्यात पकडायला निघाले आणि ती मिरजेला लागलेली.

आणखी एक खाच. वय वाढलं की आपल्या पांढऱ्या पेशींतही म्युटेशन साचतात, कर्करोग नसताना. त्यांचे तुकडेही त्याच नळीत येतात. पांढऱ्या पेशींची शेजारी तुलना न करता दिलेल्या रिपोर्टवर मी तरी घाबरणार नाही.

---

निळावंती | बुधवार, सायंकाळी ७.२०

गुंफण, हे वाचून पहिल्यांदा नीट कळलं की माझ्या डॉक्टरबाई "रक्तातून ईएसआर बघू" म्हणाल्या ते काय. मी तो सीबीसीबरोबरचा ईएसआर समजले होते. त्या सत्तर रुपयांच्या टेस्टसाठी एवढी चर्चा का, असं मनात येत होतं.

---

डॉ_काचपट्टी | बुधवार, सायंकाळी ७.३३

नावांचा घोळ आम्हीच घालून ठेवलाय. तसाच दुसरा घोळ बीआरसीएचा. तीही नळीभर रक्ताची चाचणी, पण ती गाठीबद्दल बोलत नाही, जन्मजात जीनबद्दल बोलते. आणि ऑन्कोटाइप किंवा आपल्याकडचं, बंगळुरूचं कॅनअसिस्ट, या रक्ताच्या चाचण्याच नव्हेत. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीच्या मेणातल्या ठोकळ्यावर होतात. ऑन्कोटाइपच्या टेलरएक्स ट्रायलमध्ये दहा हजारांवर बायका होत्या, आणि मधल्या गुणांच्या बहुतेकींना केमो वगळली तरी चालते हे २०१८ मध्ये त्यातून कळलं. औषध *टाळायला* मदत करणारा मार्कर मला सगळ्यात आवडतो. म्हणून म्हणतो, तो मेणाचा ठोकळा आणि स्लाइड हॉस्पिटलातून मागून जपून ठेवा. लोक लग्नाचे अल्बम जपतात आणि ब्लॉक हरवतात.

नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या चाचणीबद्दल मला दोघांनी व्यनि केलाय. तिला २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने 'ब्रेकथ्रू डिव्हाइस' दर्जा दिला, हे खरं. पण तो दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे, मंजुरीच्या रांगेत लवकर लक्ष देऊ असा शब्द. शिवाय ती रोग आहे का हे हुडकण्यासाठी आहे. झालेल्या रोगाचं पुढे काय, हा प्रश्न तिचा नाही.

---

सोनचाफा | शुक्रवार, दुपारी ४.१०

काल दाखवून आलो. लिहिते.

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी सासूबाईंना तपासलं. पाठीचा एकेक मणका बोटाने दाबत खाली आले, बरगड्या, काख, मान, पोट. भूक कशी, वजन, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे का, खोकला, डोकं. मग म्हणाले, "हा मार्कर मी लिहून दिला नव्हता. आता झालाच आहे तर दुर्लक्ष करत नाही, पण याच्यामागे धावतही नाही." पेट नाही. यकृताच्या तपासण्या, अल्कलाइन फॉस्फेटेज, पोटाची सोनोग्राफी, बी-१२, आणि लेट्रोझोलमुळे हाडांच्या घनतेचा डेक्सा स्कॅन, जो खरं तर मागच्या वर्षीच व्हायला हवा होता आणि आम्ही विसरलो होतो. मार्कर सहा आठवड्यांनी, त्याच लॅबमध्ये.

बी-१२ आलं ११०. इंजेक्शनं सुरू झाली.

---

पेठेतला | शुक्रवार, सायंकाळी ५.०२

पेट न करण्याबद्दल मी अजूनही पूर्ण सहमत नाही. पण मणके दाबून बघणारा डॉक्टर मिळाला हे बरं झालं. कळवत राहा.

---

सोनचाफा | सात आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११.२५

धागा वर काढतेय, बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून.

सोनोग्राफीत जुनंच फॅटी लिव्हर, दुसरं काही नाही. अल्कलाइन फॉस्फेटेज नॉर्मल. डेक्सात हाडं ठिसूळ निघाली, त्याची औषधं लागली. हिमोग्लोबिन ११.४ वर आलंय, जिना एका दमात चढतात. मार्कर ३३.१. म्हणजे उतरलाय, पण लाल एच अजून आहेच. डॉक्टर म्हणाले बी-१२ मुळे असेल, यकृतामुळे असेल, त्यांचा नेहमीचाच तेवढा असेल. पुढे म्हणाले, त्या बऱ्या आहेत, मार्कर मी आता परत करणार नाही, नोव्हेंबरात मॅमोग्राफीला या आणि मधे काही टोचलं-दुखलं तर वाट न बघता या. मला ते "असेल, असेल" ऐकायला जड गेलं. सासूबाईंना गेलं नाही.

काल त्या लॅबमधून फोन आला होता, पॅकेजचं नूतनीकरण करा, मार्करवर चाळीस टक्के सूट. मी शेजारीच होते. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भाऊ, साखर तेवढी तपासून दे. ती मला कमी करता येते."

---

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, सकाळी ११.३१

आजीले माझा नमस्कार सांगा.